ऊडनडॅटा ट्रॅक सायकलवर: पाचही जण पोचायचे असतील तर

प्रश्न थोडक्यात असा. ॲडलेडमधले चार मित्र आणि पुण्याहून खास येणारा पाचवा, वयं ३८ ते ५१. जुलैत, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, दक्षिण ऑस्ट्रेलियातला ऊडनडॅटा ट्रॅक हा कच्चा रस्ता, मरी ते मारला, सात दिवसांत सायकलनं करायचाय. सामानासाठी एक यूट, म्हणजे पिकअप गाडी, ती चालवायला एकाचा मोठा भाऊ. रविवारी ८०-१०० किलोमीटर सगळ्यांचे होतात, पण एक जण बाकीच्यांपेक्षा बराच हळू आहे. तर सगळे शेवटपर्यंत पोचतील असं काय करावं?

मी हा रस्ता तीनदा केलाय. एकदा एकट्यानं, दोनदा मित्रांबरोबर. मित्रांबरोबरच्या पहिल्या खेपेला सहा जण निघालो आणि मारलाला सायकलवर चार पोचले, दोघं यूटमध्ये बसून. दोन वर्षांनी तेच सहा जण परत गेलो आणि सहाच्या सहा पोचलो. पाय तेच होते, वय उलट वाढलेलं. सराव काही फार वेगळा केला नव्हता. बदललं ते एवढंच, की दुसऱ्या खेपेला आम्ही एकत्र चालवायचा हट्ट सोडला.

शहरात आपण घोळक्यानं चालवतो. पुढच्याच्या चाकाला चाक लावायचं, वारा त्यानं खायचा, थोड्या वेळानं अदलाबदल. डांबरावर ही युक्ती उत्तम. कच्च्या रस्त्यावर ती अंगाशी येते. पुढच्याची धूळ तुमच्या घशात जाते, त्याच्या चाकाखालचा खळगा तुम्हाला दिसत नाही आणि रस्ता तर सगळा पन्हाळी पत्र्यासारखा. गाड्यांची चाकं उड्या मारून मारून या वळ्या पाडतात, त्यामुळे गाड्या जिथून जातात तिथंच त्या सगळ्यात खोल. दर पाचशे मीटरवर बरी पट्टी कधी डाव्या काठाला मिळते, कधी उजव्या, कधी दोन चाकोऱ्यांच्या मधे. काठ मऊ असतो पण तिथं वाळू असते. प्रत्येकाला आपली वाट आपणच शोधावी लागते, आणि ती शोधताना दुसऱ्याच्या चाकाकडे बघत बसलात तर आपटणार.

याहून महत्त्वाचं म्हणजे पाच माणसांचा एक वेग नसतो. घोळका धरला की हळू माणूस दर तासाला थोडा जास्त जोर लावतो. रविवारी ते चालून जातं, कारण सोमवारी तो ऑफिसात खुर्चीत असतो. इथं सोमवारी पुन्हा ७० किलोमीटर, मंगळवारी पुन्हा. तिसऱ्या दिवशी त्याची टाच किंवा गुडघा बोलायला लागतो. आणि वेगवान माणसाचं सुख असतं असंही नाही. तो थांबतो, अंग थंड पडतं, पुन्हा निघतो, पुन्हा थांबतो. संध्याकाळी दोघंही चिडलेले असतात, एकमेकांवर, पण बोलतात भाताच्या मिठावरून.

आमचं पहिल्या खेपेचं तसंच झालं. विल्यम क्रीक सोडलं त्या दिवशी सकाळपासून वायव्येचा वारा तोंडावर होता. थंडीची लाट येण्याआधी इथं असा वारा सुटतो. अंदाज आम्ही बघितला होता, मनावर घेतला नव्हता. यूट आम्ही पुढं पाठवून दिली, ७५ किलोमीटरवर तंबू ठोकून ठेव म्हणून. दोघं दणकट गडी सुटले, मधले दोघं त्यांच्यामागे. मी आणि सगळ्यात हळू असलेला मित्र मागे राहिलो. ताशी नऊ किलोमीटर. दुपारी तीन वाजता आमच्या दोघांत मिळून दीड लिटर पाणी होतं आणि मुक्काम ३० किलोमीटर लांब. एका कारवानवाल्या म्हाताऱ्या जोडप्यानं थांबून पाच लिटरचा कॅन दिला, वर दोन संत्री. अंधार पडल्यावर, डोक्याला टॉर्च लावून मुक्कामी पोचलो तेव्हा पुढचे जेवून बसले होते. त्या रात्री जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी मित्राची टाच टेकवत नव्हती. आणि गंमत बघा, यूटमध्ये बसलेला दुसरा माणूस त्या दणकट जोडीतलाच एक होता. बसायच्या जागी दोन दिवसांपासून फोड आले होते, आणि त्यानं ते कुणाला सांगितलं नव्हतं.

म्हणून पहिली गोष्ट: सात दिवस विसरा. मरी ते मारला सुमारे ६२० किलोमीटर. सातनं भागलं की रोजचे जवळजवळ नव्वद पडतात, आणि तुमच्या रविवारच्या हिशोबात नव्वद म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण रविवारचे नव्वद डांबरावरचे. कच्च्यावर, वाऱ्याच्या मर्जीवर, तेच नव्वद कधी साडेचार तासांचे होतात, कधी नऊ. जुलैत सूर्य सव्वासात-साडेसातला उगवतो आणि सहाच्या आत मावळतो. पाच माणसांचा तळ उठवायला पहिल्या दिवशी दोन तास लागतात, सवय झाल्यावर सव्वा तास. उरलेल्या वेळात हळू माणसाचे किती किलोमीटर होतात हा हिशोब करा, वेगवान माणसाचा नको. माझा आकडा रोज ७० आहे. नऊ दिवस सायकल आणि एक दिवस राखीव. सुट्टी मिळत नसेल तर एक तृतीयांशच रस्ता करा, मरी ते विल्यम क्रीक किंवा ऊडनडॅटा ते मारला. तोही दोनशे किलोमीटरचा पूर्ण प्रवास आहे.

राखीव दिवस पावसासाठी. वर्षभरात इथं पाऊस नगण्य, पण पडला की रस्ता बंद करतात, आणि बंद रस्त्यावर शिरलं तर जबर दंड आहे. दंड नसता तरी तुम्ही गेला नसता. ओली चिकणमाती चाकावर चढते, फोर्कमध्ये गच्च बसते आणि वीस पावलांत सायकल खांद्यावर येते. तेव्हा चहा करायचा आणि पत्ते काढायचे. निघण्याआधी राज्य सरकारचा आउटबॅक रस्त्यांचा अहवाल रोज बघा. वाटेत प्रत्येक रोडहाउसवर, म्हणजे रस्त्यावरच्या पेट्रोलपंप-खाणावळीत, विचारा, ती माणसं अहवालाच्याही आधी सांगतात.

मरी ते मारला ही दिशा तुम्ही बरोबर निवडलीत. रस्ता वायव्येला जातो आणि हिवाळ्यात बहुतेक दिवस वारा आग्नेयेकडून किंवा दक्षिणेकडून असतो, म्हणजे पाठीवर. तोंडावर आला तर आमच्यासारखं करू नका. आदल्या रात्री अंदाज वाईट असेल तर दुसऱ्या दिवशीचं अंतर ४५ करून टाका. बाकीचे दिवस वारा ते फेडतो. मी पाठवाऱ्यावर याच रस्त्यावर ताशी बावीसनं गेलोय, पाय न दुखवता.

आता या रस्त्याचा स्वभाव. हा रस्ता मुळात पाण्यामागून गेलेला आहे. जमिनीखाली ग्रेट आर्टेशियन बेसिनचं पाणी आहे, ते एका ओळीनं झऱ्यांतून वर येतं. अराबना आणि इतर आदिवासी लोकांच्या वाटा या झऱ्यांवरून जात. १८५९पासून जॉन मॅकडूअल स्टुअर्ट हा शोधप्रवासी त्याच ओळीनं उत्तरेला गेला, १८७२मध्ये ॲडलेड-डार्विन तार पूर्ण झाली ती याच भागातून, आणि मग जुनी 'घान' रेल्वे आली, कारण वाफेच्या इंजिनाला पाणी लागायचं. १८९१मध्ये ती ऊडनडॅटाला पोचली, १९२९मध्ये ॲलिस स्प्रिंग्जला. १९८०मध्ये तो मार्ग बंद झाला. आज तुमच्या शेजारून दिवसभर रेल्वेच्या पडक्या साइडिंग, म्हणजे छोटे थांबे, चालतील, कर्डिमर्कासारख्या, दगडी क्वार्टर आणि गंजलेली पाण्याची टाकी. ती इंजिनं एका दमात दोनशे किलोमीटर जात नव्हती. दर काही मैलांवर थांबून पाणी घ्यायची. आमच्या दुसऱ्या खेपेची सगळी आखणी त्यावरच बेतली होती: दर २५ किलोमीटरला थांबा.

पद्धत सांगतो. सकाळी हळू जोडी आधी निघते, उजाडल्या उजाडल्या. बाकीचे भांडी घासतात, तंबू आवरतात आणि तासाभरानं निघतात. म्हणजे मागचे पुढच्यांना साधारण पहिल्या थांब्याच्या आसपास गाठतात, आणि हळू माणूस रोज सकाळी तासभर सगळ्यांच्या पुढे असतो. याचा त्याच्या मनावर किती परिणाम होतो हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर खोटं वाटलं असतं. यूट सगळ्यात शेवटी निघते, सगळ्यांना ओलांडते, २५ किलोमीटरवर थांबते, आणि शेवटचा माणूस येऊन, खाऊन, पाणी भरून पुढे जाईपर्यंत हलत नाही. मग पुन्हा सगळ्यांना ओलांडते. यामुळे यूट कुणापासूनच २५ किलोमीटरहून लांब जात नाही. पुढं जाऊन तंबू ठोकायचा मोह चालकाला होतोच, त्याला स्वयंपाकही करायचा असतो. नाही म्हणा.

थांब्याच्या पलीकडे, बाकीचे यायच्या आधी, कुणीही जायचं नाही. दणकट माणसाला हे जड जातं. आमच्याकडे त्याला काम दिलं, स्टोव्ह पेटवून चहा. पहिला पोचेल त्यानं चहा करायचा. दोन दिवसांत त्याचा वेग आपोआप कमी झाला.

एकट्यानं कुणी चालवायचं नाही. पाच म्हणजे एक जोडी आणि एक तिघांचा गट. हळू माणसाबरोबर सगळ्यात वेगवान माणूस देऊ नका, तो सोबत करतोय असं त्याच्या खांद्यांवरूनसुद्धा कळतं. मधल्या वेगाचा, गप्पिष्ट माणूस द्या. आणि जोड्या दोन दिवसांनी बदला.

प्रत्येकाच्या सायकलवर तीन लिटर पाणी सतत हवं, यूट दिसत असली तरी. हिवाळ्यात पिणं आणि स्वयंपाक धरून माणशी रोज सहा ते आठ लिटर लागतं. सहा माणसं, दोन मुक्कामांमधले तीन दिवस, म्हणजे यूटमध्ये १५० लिटर घेऊन निघा. वर एक जादा कॅन, तो हात न लावायचा. मरी, विल्यम क्रीक, ऊडनडॅटा आणि मारला एवढीच भरवशाची ठिकाणं. मधल्या बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी खारट असतं. भांड्यांना चालेल.

या चार ठिपक्यांबाहेर मोबाइलचा सिग्नल नाही असंच धरून चाला. प्रत्येक गटात एक आणि यूटमध्ये एक असा यूएचएफ रेडिओ, म्हणजे वॉकीटॉकी, ठेवा. रस्त्यावरच्या मोठ्या गाड्या चॅनेल ४० वर असतात, तुम्ही आपसात दुसरं चॅनेल धरा. शिवाय नोंदणी केलेला एक पीएलबी, म्हणजे उपग्रहाला संकट कळवणारं यंत्र, सगळ्यात मागच्या गटाकडे. पुढच्याला काही झालं तर मागचे येतातच. मागच्याला झालं तर पुढच्यांना कळायचं कसं? फ्लाइंग डॉक्टर सेवा १९२८पासून ऑस्ट्रेलियात आहे, पण विमान यायला तुम्ही कुठे आहात हे त्यांना आधी कळावं लागतं.

गाडी आली की सायकल थांबवा. पूर्ण थांबा, रस्त्याच्या कडेला, वारा येतोय त्या बाजूला. धूळ बसेपर्यंत निघू नका. एका कारवानमागे दुसरी असते, आणि त्या धुळीत तिच्या चालकाला तुम्ही दिसत नाही. जुलैत शाळांच्या सुट्ट्या असतात, गाड्या जास्त.

सायकलबद्दल लोक पानंच्या पानं लिहितात, मी टायरवर थांबतो. पुण्याच्या मित्राला सांगा, तिकडची हायब्रिड विमानात घालून आणू नकोस. ३२ मिलिमीटरच्या टायरवर हा रस्ता होत नाही असं नाही, पण हाताचे पंजे चौथ्या दिवशी बधिर होतात आणि करंगळीची बधिरता महिनाभर राहते. माउंटन बाइक, सव्वादोन ते अडीच इंची टायर, ट्यूबलेस, हवा २०-२२ पीएसआय. ७५-८० किलोच्या माणसाला एवढी पुरते. सगळे आधी ३५ भरतात, कारण मऊ टायर जड लागेल अशी भीती असते. या वळ्यांवर उलट होतं. कडक टायर प्रत्येक वळीवर उडतो आणि तुमची ताकद त्या उड्यांत जाते. पहिल्या दहा किलोमीटरनंतर थांबा, दोन-दोन पीएसआय सोडत जा, एक क्षण असा येतो की दात वाजायचे थांबतात. तीच तुमची हवा. वाळू लागली तर हलक्या गिअरवर या, वजन मागे घ्या आणि हँडल सैल धरा. वळवायला गेलात की पडलात.

ट्यूबलेस म्हणण्याचं अजून एक कारण. तंबू टाकायला रस्त्याकडेला उतराल तिथं सराटे आहेत. हो, आपलाच सराटा, शेताच्या बांधावर अनवाणी पायात मोडायचा तोच, आणि त्याच्या सोबतीला तीन शिंगांचा दुसरा एक काटा. एका मुक्कामी माझ्या पुढच्या चाकात अकरा सापडले. टायरमध्ये भोक बुजवणारं सीलंट होतं म्हणून एकही थेंब हवा गेली नाही, शेजारच्याच्या ट्यूबा मात्र रात्री कंदिलाच्या उजेडात बादलीत बुडवत बसलो होतो. रस्त्यावरून उतरल्यावर सायकल ढकलू नका, उचला. तंबूत जाताना चपला बाहेर.

पाचही जणांचं चाक एकाच मापाचं असेल असं बघा, म्हणजे दोन सुटे टायर सगळ्यांना चालतात. साखळीला ओलं तेल नको, त्यावर तांबडी धूळ बसून घासपेपर होतो. मेणाचं कोरडं वंगण लावा आणि रोज फडक्यानं पुसा.

आणि स्क्रू. मोठं काही मोडत नाही, बारकं सैल होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या एकाच्या कॅरिअरमधून टिक-टिक आवाज यायला लागला. थांबून बघितलं तर डावा खालचा स्क्रू फ्रेमच्या आत तुटलेला, डोकं गायब, आत राहिलेला तुकडा नखाला लागेल एवढाच वर. लॉकिंग पक्कड तोंडाला लावून, श्वास रोखून, पाव-पाव फेरा फिरवत काढला, अर्धा तास गेला. नवा स्क्रू डब्यात होता म्हणून निभावलं. तेव्हापासून नियम केला: निघण्याआधी प्रत्येक स्क्रूला थ्रेडलॉकचा, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा, थेंब, आणि रोज संध्याकाळी चूल पेटायच्या आधी ॲलन पान्यांचा संच हातोहात फिरवायचा. कॅरिअर, बाटलीचे पिंजरे, सीट, हँडल. दहा मिनिटं. सामान यूटमध्ये असलं तरी बाटल्यांचे पिंजरे तुटतातच.

पान्यांची फेरी झाली की माणसांची फेरी. प्रत्येकानं सांगायचं, आज काय दुखतंय. "काही नाही" हे उत्तर चालत नाही, काहीतरी दुखत असतंच. पहिल्या दिवशी सगळे हसतात. तिसऱ्या दिवशी खरं बोलायला लागतात. बसायच्या जागची लाली पहिल्या दिवशी सांगितली तर रोज धुणं, मलम आणि कोरडी चड्डी एवढ्यावर भागतं. तिसऱ्या दिवशी सांगितली तर यूट. सायकलच्या चड्ड्या तीन तरी न्या, आणि मुक्कामी पोचलं की गप्पा मारायच्या आधी ती बदला. टाच दुखत असेल तर सीट थोडी खाली घ्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत यूटमध्ये बसवा. अर्धा दिवस बसलेला माणूस पुढचे पाच दिवस चालवतो. "सगळे किलोमीटर झालेच पाहिजेत" हा हट्ट असेल तर तो निघण्याआधी घरी बसून बोला, सगळ्यांनी एकमेकांसमोर. आमच्याकडे बोलून ठरलं होतं की मारलाला सायकलवर शिरायचं, मधले किती गेले ते मोजायचं नाही.

सराव? पाय तुमचे ठीक आहेत. लागोपाठ दिवसांची सवय नाही. मे-जूनमध्ये दोन वेळा शुक्रवार-शनिवार-रविवार ओळीनं ६०-६० करा, कच्च्यावर. मॉसन ट्रेल तुमच्या दारातून जातो, ॲडलेडपासून ब्लिनमनपर्यंत सुमारे ९०० किलोमीटर, त्यातला एखादा तुकडा यूटसकट घ्या. त्यात सायकलपेक्षा तळ उठवायचा सराव जास्त होतो. पुणेकर मित्राचा घाटांचा सराव दांडगा असणार, पण त्याला इथला सपाटपणा भारी पडेल. घाटात चढ संपला की उतार असतो, पाय सुटतात. इथं सहा तास पॅडल थांबत नाही आणि बूड सीटवरून उठत नाही. त्याला सांगा, दर दहा मिनिटांनी उभं राहून वीस पॅडल मार. वळ्यांवर तसंही उभं राहावं लागतं.

खाण्याबाबत एकच अनुभव. मरीला भरलेला पातळ पोह्यांचा चिवडा कॉवर्ड स्प्रिंग्जला पीठ होऊन उतरला. आम्ही तो चमच्यानं खाल्ला, आणि खारट म्हणून सगळ्यांना हवाच होता. दिवसा गोड खाऊन तोंड विटतं, दुपारनंतर खारट आणि आंबटच उतरतं. लिंबाचं लोणचं न्या. रात्री मुगाची खिचडी, वर मेतकूट, भरपूर तूप. भारतातून काही आणणार असाल तर विमानतळावर सगळं जाहीर करा. बिया-दुधाचं काढून घेतील, लपवलंत तर दंड.

थंडीला हलकं घेऊ नका. ऊडनडॅटानं २ जानेवारी १९६० रोजी ५०.७ अंश पाहिलेत, पण जुलैत दिवस विशीचा आणि रात्र पाच-सहाची, कधी त्याच्याही खाली. पहाटे बाटलीत बर्फाचा पापुद्रा मी बघितलाय. चांगली स्लीपिंग बॅग, कानटोपी, बोटं झाकणारे हातमोजे. साप थंडीत बहुतेक पडून असतात. माश्या असतात, जाळी घ्या, एवढंच.

मुक्काम साधारण असे पडतात. मरीला आदल्या रात्री राहा. नाव ऐकून मरीआई आठवते, पण गाव मायाळू आहे. इथं उंटवाल्यांची वस्ती होती, त्यांच्या जुन्या मातीच्या मशिदीची प्रतिकृती बघून या. त्यांना सरसकट 'अफगाण' म्हणायचे, पण बरेच जण बलुचिस्तान, सिंध, पंजाबातले. १८६५च्या अखेरीस थॉमस एल्डर या ॲडलेडच्या व्यापाऱ्यानं उंटांचा मोठा तांडा आणवला तो कराचीहून, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. या रस्त्यावरचे पहिले मुंबईकर आपण नव्हे. पहिला दिवस मोकळ्यावर मुक्काम, वाटेत अल्बेरी क्रीकला शेपटीवर उभी केलेली दोन विमानं दिसतील. दुसऱ्या दिवशी दक्षिण लेक एअर या खाऱ्या सरोवराच्या काठावरून. काटी थांडा-लेक एअर अराबना लोकांची पवित्र जागा आहे, लांबून बघा, मिठाच्या तळावर उतरू नका. कॉवर्ड स्प्रिंग्जच्या थोडं अलीकडे बबलर आणि ब्लांश कप हे झरे, तिथंही पाण्यात जायचं नाही. कॉवर्ड स्प्रिंग्जला मात्र खजुराची झाडं आहेत आणि कोमट पाण्याचा लाकडी हौद, त्यात खुशाल बसा. आमच्यातले सगळे वाद त्या हौदात मिटलेत. तिसऱ्या दिवशी विल्यम क्रीक. पुढचे दोनशे किलोमीटर सगळ्यात एकाकी, तिथं तीन दिवस द्या आणि शेवटचा मुक्काम अल्जेबकिनाच्या जुन्या रेल्वे पुलाजवळ टाका. १८९२चा, अर्धा किलोमीटरहून लांब, आणि खाली नील्स नदीचं डबकं. तिथून ऊडनडॅटाचं पिंक रोडहाउस पन्नास-पंचावन्न किलोमीटर, दुपारी बर्गर. आणि मग तीन दिवसांत मारला.

ऊडनडॅटानंतरचे तीन दिवस अवघड जातात, पायांमुळे नाही. बघण्यासारखं संपलेलं असतं आणि डोक्यात ऑफिस सुरू होतं. लोक इथं शेवटचे दोन दिवस एकात कोंबतात. १०५ किलोमीटर, मग थेट गाडीत बसून रात्रीच ॲडलेडकडे. संध्याकाळी स्टुअर्ट महामार्गावर कांगारू, आणि स्टिअरिंगवर नऊ दिवस दमलेला माणूस. मारलाला रात्र काढा. खोल्या आधी सांगून ठेवा.

शेवटची गोष्ट तुमच्या चालकाची. एका मित्राचा मोठा भाऊ म्हणालात. तो नऊ दिवस तुमची धूळ खाणार, पाणी भरणार, आणि फोटोत कुठंच नसणार. इंधनाच्या आणि खाण्याच्या खर्चात त्याचा वाटा धरू नका, हे तर आहेच. आम्ही दुसऱ्या खेपेला मारलाच्या अलीकडे बारा किलोमीटरवर यूट थांबवली. सगळ्यात दणकट गड्यानं, तोच तो फोडवाला, आपली सायकल चालकाच्या हातात दिली आणि स्वतः यूटमध्ये बसला. सीट त्याला चार बोटं उंच होती, ॲलन पाना कुणीतरी मागच्या डब्यात टाकलेला, शोधायला पंधरा मिनिटं गेली. चालक पन्नाशीचा, सायकल शेवटची कॉलेजात चालवलेली. महामार्गाचं डांबर लागलं आणि नऊ दिवसांची खडखड एकदम बंद झाली, तेव्हा त्याला वाटलं चाक पंक्चर झालं. उतरून बघत होता.